उन्हाळ्यात केसांचा काथ्या झालाय, काय करू? (घोडबंदर रोड, ठाणे)

पिवळी_अबोली
नमस्कार मंडळी,
नऊ वर्षं ऐरोलीत काढल्यावर डिसेंबरात आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे राहायला आलो. थंडीत काहीच जाणवलं नाही. मार्च लागला आणि केसांची रयाच गेली. न्हाऊन वाळले की हाताला काथ्यासारखे लागतात. काल रात्री वेणी सोडली तर केस वेणीचेच पेड धरून तसेच राहिले, पाठीवर मोकळे पडलेच नाहीत. कंगव्यात येतात ते मुळासकट गळलेले केस नव्हेत, दोन-दोन इंचांचे तुकडे असतात. टोकं तांबूस झालीत.

दिनक्रम सांगते. सकाळी स्टेशनपर्यंत बस, मग ट्रान्सहार्बर लोकलने रबाळे. ऑफिसात एसीचा झोत बरोबर माझ्या डोक्यावर. घरी येईपर्यंत घामाने डोकं चिंब, म्हणून रोज रात्री डोक्यावरून अंघोळ. रविवारी तेल. आई म्हणते तेल कमी पडतंय, मैत्रीण म्हणते तेलच बंद कर. केस कमरेपर्यंत आहेत आणि मला ते कापायचे नाहीत. लहानपणापासून आजीने निगुतीने वाढवलेले आहेत, त्यामुळे जीव तुटतो.

हा उन्हाचाच परिणाम आहे का? पावसाळ्यापर्यंत केस टिकवायचे तर नेमकं काय करू? घरचं, विकतचं, दोन्ही चालेल.

काजूकतली
रुमाल टाकून ठेवते. खारघरला माझीही हीच रड आहे.

नेरूळचे_काका
अबोली, आमच्या सौ.चे केस पासष्टीतही कमरेखाली आहेत. शनिवारी रात्री कोमट खोबरेल, रविवारी सकाळी शिकेकाई आणि जास्वंदीची पानं वाटून. घरात शाम्पूची बाटली नाही. उन्हाळ्यात घामाचा वास येतो म्हणून मध्ये एकदा नुसत्या पाण्याने डोकं धुतात. रोज शाम्पू लावलास तर केसात काय उरणार, बाळ?

त्वचेची_डॉक्टर
काकांच्या शेवटच्या वाक्याला +१. बाकी थोडं सविस्तर लिहिते, कारण अबोलीने एक फार महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे: केस मुळासकट येत नाहीत, तुकडे येतात. म्हणजे हे केस गळणं नाही, तुटणं आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याच्यावर माशाच्या खवल्यांसारखं, एकावर एक चढलेलं बारीक आवरण असतं. खवले घट्ट मिटलेले असले की केस चमकतो आणि बोट सरकतं. ते उचकटले की केस केसात अडकतो, गुंता होतो आणि ओढताना तुटतो. उन्हातली अतिनील किरणं या आवरणावरचा तेलकट थर आणि केसातली प्रथिनं दोन्ही खराब करतात, रंगद्रव्यही विरतं. टोकं तांबूस दिसतात ती त्यामुळे. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे कमरेपर्यंतच्या केसाचं टोक पाच-सहा वर्षांचं जुनं आहे. त्याने पाच-सहा उन्हाळे काढलेत. मुळाशी येणारं डोक्याचं तेल एवढ्या लांब पोचतही नाही. म्हणून लांब केसांची टोकं आधी सुकतात.

तेव्हा: शाम्पू आठवड्यात दोन किंवा तीनदाच, आणि तोही फक्त टाळूला. फेस ओघळताना बाकीचे केस धुतले जातातच. कंडिशनर उलट, कानाखालच्या केसांना, दोन-तीन मिनिटं ठेवून. घामाच्या दिवशी नुसतं पाणी. बाहेर पडताना सुती ओढणी किंवा छत्री. मूळ घट्ट करणाऱ्या सीरमवर पैसे घालवू नका, तुमचं मूळ व्यवस्थित आहे.

ट्रान्सहार्बर_आठ_दहा
आमच्या डब्यात केस दारात वाळवणाऱ्यांची अख्खी पलटण आहे. ठाण्याला ओले केस घेऊन चढायचं, दिघा गावला गुंता, ऐरोलीला कंगवा, रबाळ्याला भांडण: "ताई, तुमचे केस माझ्या तोंडात येतायत!"
पण खरंच, ओले केस मोकळे सोडून वाऱ्यात उभं राहणं मी बंद केलं तेव्हा माझे तुटायचे थांबले. आता सैल वेणी आणि वर स्कार्फ.

त्वचेची_डॉक्टर
बरोबर. ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो. ओल्या केसांत बारीक फणी घालू नये. जाड दातांचा कंगवा, तोही टोकांकडून सुरू करून वर वर.

काजूकतली
आणि टॉवेलने खसाखसा पुसू नये. आमच्याकडे बाबांचा जुना पंचा आहे, धुऊन धुऊन मऊसूत झालेला. तो केसांना नुसता गुंडाळून ठेवते. विकतचे महाग टॉवेल त्याच्यापुढे झक मारतात.

रसायनाचे_मास्तर
सगळं ठीक आहे, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही. अबोलीताई, ऐरोलीत ऊन नव्हतं का? एसी नव्हता का? ऑफिस तेच, लोकल तीच. बदललं काय, तर घर. तुमच्या नव्या सोसायटीत पाणी कुठलं येतं?

ऐरोलीला पालिकेचं, धरणाचं पाणी. धरणाचं पाणी म्हणजे पावसाचं, जमिनीतून न मुरलेलं, त्यामुळे मृदू. घोडबंदरला बऱ्याच सोसायट्यांना उन्हाळ्यात बोअर आणि टँकरवर भागवावं लागतं. बोअरचं पाणी खडकातून मुरून येतं, येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून आणतं. ते क्षार उचकटलेल्या खवल्यांवर बसले की केस खरबरीत होणारच. साबण वापरत असाल तर दुष्काळात तेरावा महिना. साबण आणि असं क्षारांचं जड पाणी मिळून चिकट पांढरा साका तयार होतो, तो पाण्याने निघत नाही.

घरी करून बघा. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत तुमच्या नळाचं पाणी, दुसरीत ऐरोलीचं किंवा जुन्या ठाण्यातलं पालिकेचं. दोन्हींत अंगाच्या साध्या साबणाचा सारखाच किस टाका, हलवा. मृदू पाण्यात फेस उभा राहील आणि खाली पाणी नितळ दिसेल. जड पाण्यात फेस बसेल आणि पाणी ताकासारखं होईल. शाम्पू किंवा लिक्विडने ही परीक्षा होत नाही, त्यांना जड पाण्यातही फेस येतो.

पिवळी_अबोली
मास्तर, अंगावर काटा आला. मार्चपासूनच आमच्याकडे बोअर आणि टँकर सुरू झालेत! फेब्रुवारीपर्यंत पालिकेचं पाणी पुरत होतं. आणि हो, रोज शाम्पू नको म्हणून मी मधल्या दिवशी अंगाचाच साबण डोक्याला लावत होते. सौम्य असेल असं वाटलं. आई ऐरोलीलाच राहते, शनिवारी तिच्याकडून बाटली भरून आणते.

येऊरचा_वारा
माझं मत थोडं वेगळं आहे. मीही घोडबंदरलाच, त्याच टँकरच्या पाण्यावर पाच वर्षं, माझे केस उत्तम आहेत. सगळं पाण्यावर ढकलू नका. मी दिवसाला तीन-साडेतीन लिटर पाणी पिते, ताक, कोकम सरबत असतंच. आतून ओलावा असेल तर बाहेर दिसतो.

रसायनाचे_मास्तर
येऊरताई, तुमचे केस किती लांब आहेत?

येऊरचा_वारा
खांद्याच्या वर.

रसायनाचे_मास्तर
म्हणजे तुमची टोकं दोन-अडीच वर्षांची. अबोलीताईंची त्याच्या दुप्पट. शिवाय त्या साबण लावत होत्या.

त्वचेची_डॉक्टर
आणि पाणी प्यायचंच, उन्हाळ्यात तर हवंच, पण ते केसाच्या टोकाला पोचत नाही. केसात रक्तवाहिनी नसते. कोकम पिऊन तुम्ही ताज्यातवान्या राहाल, केसाला मात्र बाहेरूनच सांभाळावं लागतं.

येऊरचा_वारा
हे मान्य. पण पोटात नीट गेलं नाही तर नवा केस कमकुवत येतो, हेही तितकंच खरं. ऑफिसला जाणाऱ्या मुली उन्हाळ्यात जेवणाऐवजी कलिंगडावर दिवस काढतात ते मी रोज बघते.

त्वचेची_डॉक्टर
शंभर टक्के. केस प्रथिनांचा असतो. उसळ, डाळ, दही, अंडं, मासे यांतलं काहीतरी रोज ताटात हवं.

दिवाळे_कोळीवाडा
मासळीचं नाव निघालं म्हणून आले. आमच्याकडे बाया दिवसभर उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात असतात, केस बघा जाऊन. माझी आजी नारळाचं पहिलं घट्ट दूध काढायची, टोकांना लावायची, तासाभराने धुवायची. अंबाड्यावर पदर कायम. मोकळे केस घेऊन उन्हात कधी गेली नाही. वर्षानुवर्षं डोकं झाकणं हाच तिचा मोठा उपाय होता असं मला आता वाटतं.

कोलबाडची_लेक
रिठा कुणी सुचवायच्या आत सांगते. मागच्या मे महिन्यात जांभळी नाक्यावरून रिठा आणला, नैसर्गिक म्हणून आठवड्यात तीनदा उकळून लावला. केस इतके कोरडे झाले की गजरा माळला तर काढताना केसच तुटून आले. रिठ्याच्या फेसाने तेलाचा टिपूस राहत नाही. आजी त्याच रिठ्याने रेशमी साड्या आणि सोनं धुवायची, यावरूनच कळायला हवं होतं. शिकेकाई त्या मानाने सौम्य, पण तीही बारीक वस्त्रगाळ हवी, नाहीतर भुसा केसात अडकतो.

नेरूळचे_काका
वस्त्रगाळ! सौ. अगदी हाच शब्द वापरतात. त्या शिकेकाईत मेथ्या भिजवून वाटून घालतात. त्याचा बुळबुळीतपणा केसांना सुटा ठेवतो.

काजूकतली
जवस उकळून निघणारं जेलही तसंच. एक चमचा जवस, कपभर पाणी, अंड्याच्या पांढऱ्यासारखं झालं की गरम असतानाच गाळायचं. गार झालं की गाळणीतून उतरत नाही. मी ओल्या केसांना थोडं चोपडून वेणी घालते. फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं.

खाडीपलीकडची
लिंबू आणि मध? माझी जाऊ लिंबू लावून गच्चीत बसते.

त्वचेची_डॉक्टर
कृपया नको! लिंबाचा रस लावून उन्हात बसलं की केसाचा रंग उडतो, कोरडेपणा वाढतो. तो रस मानेवर, कपाळावर ओघळला आणि ऊन लागलं तर त्वचेला भाजल्यासारखे डाग पडतात. दर उन्हाळ्यात असे पेशंट येतात.

खाडीपलीकडची
बाप रे. आत्ताच फोन करते तिला.

तलावपाळीकर
आता माझं दुःख. मुलीला सुट्टीत पोहायला घातलंय. तीन आठवड्यांत तिचे केस वाळलेल्या गवतासारखे झाले. क्लोरिनमुळे ना? पोहणं बंद करू का?

रसायनाचे_मास्तर
पोहणं बंद करू नका हो. पाण्यात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवा, वर हातावर घेऊन थोडं खोबरेल चोपडा, मग टोपी. आधीच भिजलेला केस क्लोरिनचं पाणी कमी शोषतो. बाहेर आल्या आल्या पुन्हा साधं पाणी.

तलावपाळीकर
आजच करतो. मुलीला तेल लावून टोपी घालायला सांगणं हे पोहायला शिकवण्यापेक्षा अवघड आहे, पण करतो.

पिवळी_अबोली
खोबरेलावरून आठवलं. लावू की नको, हे अजून ठरलं नाही. मैत्रीण म्हणते तेल आत जातच नाही, वरवर बसतं आणि धूळ धरतं.

रसायनाचे_मास्तर
बहुतेक तेलांबद्दल तिचं म्हणणं खरं आहे. खोबरेलाचं तसं नाही. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरू शकतं. आपल्याकडच्याच रेले आणि मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना करणारं काम 2003 साली प्रसिद्ध केलं. धुताना केसातून निघून जाणारी प्रथिनं फक्त खोबरेलाने कमी झाली, बाकी दोन्हींनी नाही. ते दोघे खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते हेही सांगून ठेवतो, पण त्यामागचं रसायनशास्त्र पक्कं आहे.

म्हणून तेल धुण्याआधी. न्हाऊन बाहेर पडताना तेल थापलंत तर लोकलची सगळी धूळ डोक्यावर घेऊन घरी याल.

त्वचेची_डॉक्टर
सहमत. दोन तास पुरतात, रात्रभर ठेवायलाच हवं असं नाही. एक अट मात्र आहे. टाळूवर कोंडा, खाज, तेलकट खपले असतील तर टाळूला तेल लावू नका. कोंड्यामागच्या बुरशीचं ते खाद्यच आहे. उन्हाळ्यात घामाने कोंडा वाढतो, लोक त्याला कोरडी त्वचा समजून आणखी तेल चोळतात आणि महिनाभर खाजवत बसतात. त्यांनी तेल फक्त खालच्या केसांना लावावं.

काजूकतली
एवढा दमटपणा आहे आपल्याकडे. कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, मग केसच कसे कोरडे?

रसायनाचे_मास्तर
फार छान प्रश्न. उचकटलेला केस हवेतलं पाणी शोषून वेडावाकडा फुगतो. त्यामुळे खाडीच्या बाजूला उतरलं की केस पिंजारतात. मग एसीत आठ तास बसलं की तेच पाणी निघून जातं. रोज फुगणं आणि रोज आक्रसणं. मऊपणा पाण्याने येत नाही, खवले मिटलेले राहिल्याने येतो.

घणसोलीची_मीनाक्षी
मी वेगळी वाट धरली होती, ती सांगायलाच हवी. केस पिंजारतात म्हणून गेल्या वर्षी घराजवळच्या एका पार्लरमध्ये स्मूदनिंग, म्हणजे औषध लावून केस सरळ करून घेतले. साडेसात हजार. खोलीत डोळे चुरचुरत होते, मुलगी म्हणाली खिडकी उघडू नका, परिणाम जातो. दोन महिने केस आरशासारखे. तिसऱ्या महिन्यात कपाळावरचे केस मुळापासून दोन बोटांवर तुटायला लागले. अजून तिथे झालर आहे. वापरलेल्या बाटलीवर काय लिहिलं होतं ते विचारायची बुद्धी तेव्हा झाली नाही. तुम्ही विचारा.

त्वचेची_डॉक्टर
मीनाक्षी, मनापासून आभार. डोळे चुरचुरणं ही फॉर्माल्डिहाइड या विषारी वायूची खूण असू शकते. फॉर्माल्डिहाइड नाही असं सांगून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं, आणि त्यानंतर किडनीला इजा झालेले रुग्ण परदेशात नोंदले गेले आहेत. बाटली बघितल्याशिवाय खुर्चीत बसू नका.

पिवळी_अबोली
आईकडून पाणी आणलं. दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या आहेत. आईच्या बाटलीत तीन बोटं फेस, अर्ध्या तासानेही तसाच. आमच्या बाटलीत फेस मिनिटभरात विरला आणि कडेने दह्याच्या कवड्यांसारखा साका चिकटला. मुलगा म्हणाला, "आई, हे तुझ्या डोक्यात आहे?" मला रडूच आलं.
सोसायटीच्या ऑफिसातून बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट मिळाला. कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, 460.

रसायनाचे_मास्तर
पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या, असं आहे. म्हणजे आजारी पडाल असं हे पाणी नाही. पण केस आणि साबण दोघांनाही छळेल.

तलावपाळीकर
अवांतर: माझ्या साडूने शॉवरला लावायचा फिल्टर घेतला, अडीच हजारांचा. अबोलीताई, घ्या तुम्हीपण?

रसायनाचे_मास्तर
थांबा. नळाला लावायचे ते बहुतेक फिल्टर क्लोरिन आणि गाळ अडवतात. कठीणपणा काढायला राळेचे मणी असलेला सॉफ्टनर लागतो. तो कॅल्शियम धरून सोडियम सोडतो आणि त्याला ठरावीक दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. मीठ घालायची सोयच नसेल तर तो सॉफ्टनर नव्हे.

ट्रान्सहार्बर_आठ_दहा
एसीच्या नळीतून रोज बादलीभर पाणी गळतं आमच्याकडे. ते तर वाफेचं, एकदम मृदू. त्याने धुवायचं का?

त्वचेची_डॉक्टर
नको. मृदू असेल, पण एसीच्या आतली धूळ, बुरशी घेऊन येतं. लादी पुसा त्याने.

कोलबाडची_लेक
मग शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेतले तर?

रसायनाचे_मास्तर
हेच सांगणार होतो! सगळी अंघोळ मृदू पाण्याने करायची गरज नाही. क्षार मागे राहतात ते शेवटच्या पाण्याचे. आणि आठवड्यातून एकदा तांब्याभर पाण्यात एक चमचा साधं व्हिनेगर, केसांवरून ओतून मिनिटभराने धुवायचं. बसलेले क्षार सुटतात, खवले मिटतात. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

त्वचेची_डॉक्टर
टाळूवर जखम किंवा खरचटलेलं असेल तर व्हिनेगर नको. आणि अबोली, दीड-दोन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा सोबत थकवा, वजन वाढणं, पाळी अनियमित होणं असं काही असेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. थायरॉइड मंदावलं की केस असेच रुक्ष होतात आणि दोष उन्हाला दिला जातो.

पिवळी_अबोली
सहा आठवडे झाले, सांगायला आले. साबण त्याच दिवशी बंद. शाम्पू बुधवारी आणि रविवारी. त्याआधी दोन तास खोबरेल. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे, ते सकाळी पालिकेचं पाणी येतं तेव्हा कळशीत भरून ठेवते. व्हिनेगर रविवारी. बाबांचा पंचा माझ्याकडेही आला. ऑफिसात जागा बदलून मागितली, मिळाली.

टोकं अजून तांबूस आहेत, ती दीड इंच कापली. पण परवा वेणी सोडली आणि केस पाठीवर मोकळे पडले. कंगव्यात तुकडे आठ-दहा, पूर्वी मूठभर असायचे. रक्त तपासलं, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन 10.2 निघालं, त्याच्या गोळ्या सुरू केल्यात. येऊरताई, तुमचंही बरोबर निघालं हो.

येऊरचा_वारा
वाचून फार बरं वाटलं. आणि मीही परवा बाटली हलवून बघितली. ताक झालं.

काजूकतली
खारघरला आमचंही तेच निघालं. कळशी किती लिटरची घेतलीस गं? कमरेपर्यंतच्या केसांना दोन तांबे खरंच पुरतात?

पिवळी_अबोली
पाच लिटरची. दोन तांबे पुरतात, पण ओतताना मान पुढे घालून केस एका बाजूला घे आणि हाताने निपटत खाली जा, नाहीतर अर्धं पाणी पाठीवरूनच जातं.